रघुनाथच्या गाडीचे पुढचे हूक

निरोप आला तेव्हा मी भट्टीपाशी उभा राहून एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होतो. शेजारच्या टायरच्या दुकानात फोन आहे. तिथला मालक आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना. हा माणूस एरवी बोलतो तेव्हा अख्ख्या स्टेशन रस्त्याला ऐकू जातं. मी म्हणालो, "काय झालं?" तेव्हा तो हळूच म्हणाला, "नेवाशाहून फोन होता. तुमच्या फोटोवाल्याची गाडी नदीकाठी उभी आहे सकाळपासून. दार आतून लावलंय, हाक मारली तरी उघडत नाही. गाडीवर तुमच्या वर्कशॉपचं नाव रंगवलेलं आहे, म्हणून इथे फोन केला त्यांनी…" हातातला पाना मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. दोन दिवस सगळे शोधत होते.

मी एस.टी.नं नेवाशाला पोचेपर्यंत लोकांनी दार उघडलं होतं. रघुनाथ गाडीच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, फोटो धुवायच्या फळीशेजारी, भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले. वर दोरीवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो वाळत लावलेले… नवरानवरी, व्याही, करवल्या, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. आदल्या दिवशीचं लग्न आटोपून वऱ्हाड गेलं होतं आणि हा तिथेच काम करत राहिला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. असेल तसं. पण त्या क्षणी त्याच्याजवळ माणूस म्हणावं असं कुणी नव्हतं, फोटोतली तेवढी होती. मी बाहेर आलो आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. बंपरखालून पुढे आलेले दोन लोखंडी हूक, त्यांना लालभडक रंग. रंग ताजा होता. चार-पाच दिवसांपूर्वीच माझ्या दुकानासमोर बसून त्यानं तो लावला होता, आणि मी त्याची टिंगल केली होती.

त्याला मी त्याच्याच गाडीतून नगरला आणला. ती गाडी तो मला कधी हाकू देत नसे. "मिस्तरी, तुमी दुरुस्त करा, चालवनं माझं काम," म्हणायचा. त्याच्या मोठ्या भावाला तार केली, पण भाऊ राहतो खर्ड्याच्या पुढे एका वाडीवर. तार तिथे पोचून माणूस नगरला यायचा म्हणजे पुरता एक दिवस, आणि उन्हाळ्यात तेवढं थांबता येत नाही. त्यामुळे अग्नी मी दिला. मी त्याचा ना भाऊ, ना भावकीतला. माझा पाट्यांचा धंदा. मोटारीच्या चाकांवर जे कमानपाटे असतात ते बनवायचे, तुटलेले बदलायचे. पाच-सहा वर्षांपूर्वी तो गिऱ्हाईक म्हणून आला आणि मग रोज संध्याकाळचा चहा प्यायला येत राहिला, एवढीच आमची नातेवाईकी.

आला तेव्हाची त्याची गाडी डोळ्यांसमोर आहे. लष्कराच्या लिलावातली जुनी बंद व्हॅन. तिच्या मागच्या भागात त्यानं काळं कापड ठोकून फोटो धुवायची खोली केलेली. टपावर बांबूंना गुंडाळलेला पडदा, त्यावर रंगवलेला बगीचा, कारंजं आणि एक विमान. जत्रांमधून, लग्नांमधून हिंडायचा. पोरं विमानापुढं उभी राहायची, नवीन जोडपी कारंज्यापुढं. म्हणाला, "मिस्तरी, गाडी वर उचला." मी म्हणालो, "कशाला? बरी दिसतीय की." तर म्हणाला, "पोट घासतंय हिचं. आमच्याकडं रस्तं न्हाईत, बैलगाडीच्या चाकोऱ्या हायेत." मग आम्ही चारी चाकांवर जादा पाटे चढवले, ट्रकचे टायर बसवले. काम झाल्यावर ती गाडी अशी दिसायला लागली, की धोतर वर खोचून ओढा ओलांडायला निघालेला माणूसच. रघुनाथला फार आवडली. दिवसभर तिच्याभोवती फिरत होता. मी म्हणालो, "आता उतरायला शिडी लागेल." हसला नाही. आपल्या वस्तूची चेष्टा त्याला खपत नसे, माणूस असा होता. आमच्या मंडळींनी एकदा त्याच्या विमानाला कावळा म्हटलं, तर तो आठवडाभर चहाला फिरकला नाही.

एकटा होता. लग्न झालं होतं, बायको तापानं लवकरच गेली, मूलबाळ नाही. पण त्याच्या एकटेपणाचं खरं कारण ते नव्हतं. ते कारण मला फार उशिरा, तुकड्यातुकड्यानं कळलं. वर्कशॉपच्या दाराशी एक तेलाचं रिकामं पिंप पालथं घातलेलं असायचं, त्यावर बसून, बशीत चहा ओतून घेत, समोरच्या रस्त्याकडे बघत तो एखादं वाक्य बोलायचा आणि गप्प व्हायचा. पुढचं वाक्य कधी आठ दिवसांनी.

तर झालं होतं असं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. जमिनीवरून भांडण नव्हतं. असून असून ती माळरानाची जमीन किती असणार. भांडण लागलं बैलगाडीवरून. थोरला नामदेवदादा म्हणाला, बैल मी लहानाचे मोठे केले, बैल माझे. रघुनाथ म्हणाला, गाडी बापानं माझ्या लग्नात केली, गाडी माझी. दोघंही हट्टाला पेटले. पंचांनी डोकं लावून पाहिलं आणि शेवटी कंटाळून दिलं तसंच वाटून. बैल थोरल्याला, गाडी धाकट्याला. आता बैलांविना गाडी काय करायची आणि गाडीविना बैलांनी ओढायचं काय! सगळी वाडी हसली. एकानं दुसऱ्याला नुसतं "दे रे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दादा म्हणे, त्यानं मागावी बैलं. आणि रघुनाथ म्हणे, त्यानं मागावी गाडी. दादा शेणखत डोक्यावरून वाहायला लागला आणि रघुनाथची गाडी बांधावर उन्हापावसात कुजायला लागली. बायको गेल्यावर तर त्याचं मन वाडीतून उठलंच. लाकूड सरपणाला गेलं. पण गाडीचा कणा, म्हणजे दोन चाकांना जोडणारं ते जाड लोखंड, त्यानं एस.टी.च्या टपावर टाकून नगरला आणलं. कॅम्पातल्या एका फोटोवाल्याकडे नोकरीला राहिला, कला शिकला. राहायची खोली एवढीशी, आणि त्या खोलीत खाटेखाली हे धूड. मी विचारलं, "अरे, ह्याचं काय करणार तू?" म्हणाला, "असू द्या. खातंय का काय."

दुष्काळाच्या आधीच्या पोळ्याची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "चला मिस्तरी, आमच्या गावाकडं. बैलांचे फोटो काढू, धंदा व्हईल." त्याचा धंदा पोळ्याला नगरात जास्त होतो हे मलाही कळत होतं. पण मी गेलो. आष्टी, जामखेड करत, खर्ड्याचा किल्ला मागे टाकून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. वाडीच्या अलीकडे एक ओढा आहे. पाणी गुडघाभर, पण तळाला काळा चिखल. पलीकडे लगेच नामदेवदादाचं शेत. खांदेमळणीचा दिवस, म्हणजे बैलांना धुवून त्यांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचा दिवस, म्हणून माणसं बैलं घेऊन ओढ्यावर आलेली. आणि आमची ही धोतर खोचलेली गाडी मधोमध गेली आणि रुतली. ॲक्सिलेटर दाबला की चाक आणखी खाली.

"तो बघा," रघुनाथ म्हणाला. पलीकडच्या काठावर एक उंच, वाळका माणूस पांढरी जोडी धरून उभा होता. इकडेच बघत होता. रघुनाथनं हात वर केला नाही, हाक मारली नाही. हॉर्नसुद्धा दिला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता समोर बघत बसला. मी म्हणालो, "अरे, भाऊ ना तुझा? हाक मार की." म्हणाला, "दिसतंय त्याला." तेवढ्यात मागून खडीचा ट्रक आला. आमच्यामुळे त्याची वाट अडली होती. गाडीला मागच्या बाजूला लष्करातलाच एक हूक होता. ट्रकवाल्यानं न विचारता त्याला तारेचा दोर अडकवला. मी पुढे बघितलं तर पलीकडचा तो माणूस बैल दुसऱ्याच्या हाती देऊन, पाठ फिरवून, घराकडे चालू लागला होता. रघुनाथनंही ते बघितलं. पुढच्याच क्षणी ट्रकनं हिसका दिला आणि आम्ही ज्या काठानं आलो त्याच काठावर उलटे येऊन पडलो. रघुनाथनं दोर सोडवला, गाडी वळवली आणि आम्ही नगरला आलो. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्या त्या भावाचा त्याहून जास्त.

पुढे बरेच दिवस विषय नाही. मग एका संध्याकाळी पिंपावर बसल्या बसल्या म्हणाला, "मिस्तरी, दादा आला असता, तर साखळी अडकवली असती कुठं?" मला आधी कळेचना कशाचं बोलतोय. "गाडीला पुढून काय हाय? कायच न्हाई. मागं हूक हाय, म्हून मागं वढली. पुढं हूक असता तर…" आणि चहाची बशी तशीच हातात. भावानं पाठ फिरवली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी भावाच्या वतीनं हा माणूस कारण शोधून आला होता. हूक नव्हता, म्हणून तो गेला. मी म्हणालो, "मग बसव पुढं हूक. त्यात काय एवढं."

त्यात फार काही होतं. मी म्हणालो, नवीन सळई घे, तासाभरात करून देतो. नाही म्हणाला. खाटेखालचा तो कणा घेऊन आला आणि "हूक मी करनार, तुमी भट्टी द्या" म्हणाला. फोटो काढणारा माणूस, घण धरायचा माहीत नाही. आमच्याकडचा घणवाला तोंड फिरवून हसत होता. कणा कापून दोन तुकडे केले, लाल होईस्तोवर तापवले, वाकवले, पुन्हा तापवले. एक नीट वाकला, दुसरा जरा तिरका झाला. त्या तिरक्याच्या टोकाला एक भोक राहिलं होतं. चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकात खीळ घालतात, तिचं भोक. मी म्हणालो, "हे टोक कापून टाक, दिसायला वाईट." तर अंगावर आला, "हात लावायचा न्हाई." मग गडी हूक बंपरला वेल्डिंग करून मोकळा. मी सांगितलं, की बंपर म्हणजे नुसता पत्रा, ओढलंस तर निघून येईल. ऐकलं नाही. "लई मजबूत हाय," म्हणाला. आम्ही एका ट्रकला साखळी लावून ओढून बघितलं. बंपर ट्रकच्या मागे खडखडत स्टेशन रस्त्यानं निघाला आणि गाडी जिथल्या तिथे! अख्खा रस्ता हसला. रघुनाथ बंपरमागे धावत होता, आणि त्याला इतकं मोठ्यानं हसताना मी तेवढाच एकदा पाहिला. दुसऱ्या दिवशी हूक खालच्या चेसिसला जाड पट्ट्या आणि बोल्ट लावून पक्के बसवले. आता त्या हुकांना धरून कुणी घर ओढून नेलं असतं तरी गाडी मागोमाग गेली असती. वरून लाल रंग दिला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तसा.

आणि मग पाऊसच पडला नाही.

त्या दुष्काळाबद्दल मी वेगळं काय सांगू, सगळ्यांनी तो भोगलाय. रस्त्यांच्या कडेला खडी फोडणारी माणसं, सुकडी म्हणून सरकार वाटायचं त्या पिठासाठीच्या रांगा, छावण्यांत बांधलेली हाडाडलेली जनावरं. रघुनाथचा धंदा बसला. जत्रा भरल्या नाहीत, आणि विमानापुढं उभं राहायची हौस कुणाला होती! तरी पोळा आला तसा म्हणाला, "चला." पुन्हा आम्ही दोघे. ओढ्यापाशी पोचलो. ओढा कोरडा ठणठणीत. चिखलाच्या भेगा पडलेल्या, मधून बैलगाडीची वाट सरळ पलीकडे गेलेली. डोळे मिटून गाडी घातली असती तरी पार झाली असती. रघुनाथनं काठावर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

मी म्हणालो, "चल की. काय अडलंय?"

"कायच अडलं न्हाई," म्हणाला. "तेच तर झालंय."

त्यानं किल्ली काढून मुठीत धरली. म्हणाला, "असाच कसा जाऊ? पानी असतं, रुतली असती, त्यानं वढून न्हेली असती, तर गेलो असतो. आता आपल्या पायानं जायाचं म्हंजी… मी मागाया आल्यासारकं व्हतंय."

मी चिडलो. एवढा चिडलो, की खाली उतरलो आणि ओढा पायी ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिलो, त्याला दाखवायला की एवढंच आहे हे. पलीकडचं शेत उजाड होतं. घराला कडी होती. शेजारची बाई म्हणाली, नामदेवदादा छावणीवर बैलांपाशी राहायला गेलाय, जोडी विकायची नाही म्हणतो, स्वतः पाला आणून घालतो. मी परत येऊन रघुनाथला सांगितलं. त्यानं इंजिन सुरू केलं. मग एवढंच म्हणाला, "न्हाई इकली ना? मग झालं." आणि गाडी वळवली. येताना मध्येच गाणं गुणगुणत होता. मला त्या माणसाचं काही कळत नसे.

त्यानंतर त्या हुकांना रंग देणं हा त्याचा उद्योग होऊन बसला. दिवाळीला दिला, शिमग्याला दिला. माझ्या कपाटात लाल रंगाचा डबा आणि ब्रश ठेवलेला. परवाच्या वैशाखात पुन्हा डबा काढून बसला तेव्हा मी म्हणालो, "अरे, न वापरलेल्या वस्तूला किती रंग देशील? थर चढलेत त्यावर." तो ब्रश फिरवत राहिला. म्हणाला, "साखळी लागून एकदा का रंग उडाला, की मग न्हाई देनार." तेच त्याचं माझ्याशी झालेलं शेवटचं नीट बोलणं. दोन-चार दिवसांनी नेवाशाचं लग्न करायला गेला.

नामदेवदादा आला तेव्हा राख निवली होती. उंच, वाळका, फोटोत रघुनाथ म्हातारा दाखवला असता तर असा दिसला असता. काही विचारलं नाही. वर्कशॉपच्या दारातल्या त्या पिंपावर येऊन बसला, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आमच्या मंडळींनी चहा दिला तो त्यानं घेतला. मला त्याचा जुना राग होता. पण तो पिंपावर बसून समोरच्या रस्त्याकडे ज्या तऱ्हेनं बघत होता, ते बघून मी त्याला आणखी एक चहा सांगितला. जाताना म्हणाला, "दहावा आमच्या वढ्यावर करतो. तेची गाडी घिऊन याल का, मिस्तरी? गाडी हितं कशाला ठिवता." अस्थी गाडग्यात बांधून ठेवल्या होत्या. त्या देऊ लागलो तर म्हणाला, "त्या बी गाडीतच आना. तेच्या गाडीत येऊ द्या त्याला."

दहाव्याच्या आत पाऊस लागला. दोन वर्षांचा राहिलेला हिशेब चुकता करायचा असावा, असा पडला. मी पहाटे निघालो. शेजारच्या सीटवर लाल फडक्यात बांधलेलं गाडगं, ते कलंडू नये म्हणून त्याच्याच पडद्यानं टेकू दिलेला. जामखेडपर्यंत मी त्याच्याशी बोलत होतो. कुणी बघितलं असतं तर वेडा म्हटलं असतं, पण एकट्यानं ती गाडी चालवणं मला जमेना… ओढ्यापाशी आलो. पाणी वाहत होतं, तळाचा काळा चिखल परत आला होता. मी ठरवून काही केलं नाही, देवाशपथ सांगतो. गाडी घातली, आणि मधोमध त्याच जागी ती रुतली.

पलीकडच्या काठावर नामदेवदादा उभा होता. पांढरी जोडी जुवाला जोडलेली, हातात साखळी. बैलांची हाडं अजून दिसत होती. सकाळपासून येऊन थांबला होता म्हणे. पाण्यात उतरून तो गाडीला वळसा घालून मागच्या बाजूला जायला लागला. मी खिडकीतून ओरडलो, "दादा, मागून नाही! पुढून! पुढं हूक आहेत!" तो थांबला. परत आला. वाकून त्यानं बंपरखाली हात घातला. तिरक्या हुकाच्या टोकाशी त्याची बोटं थांबली. मी खाली उतरून त्याच्याजवळ गेलो. तो त्या भोकात बोट घालून उभा होता.

"ही खिळीची जागा," म्हणाला. "हे आमच्या गाडीचं लोखंड हाय."

"हो," मी म्हणालो. "कण्याचे केलेत. त्यानं स्वतः केलेत, तुम्ही पुढून ओढावं म्हणून."

त्यानं दुसऱ्या हुकावरूनही हात फिरवला. मग म्हणाला, "त्या टायमाला मी जू आनाया घरला पळालो हुतो, मिस्तरी. बैलं धुयाला आनल्याली, मोकळीच हुती. जू-साखळी घिऊन येतो तर गाडी मागनं वढून तो चाललेला. मला वाटलं, ह्याला माघारीच जायाचंय. मागच्या बाजूलाच दोर लावून आलाय."

मी काचेतून आत बघितलं. बोलण्यासारखं ज्याच्यापाशी होतं तो सीटवर फडक्यात बांधलेला होता. दादानं साखळी दोन्ही हुकांना अडकवली, हुक हातानं ओढून बघितले, आणि बैलांच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मी स्टिअरिंगपाशी बसलो. त्या वाळक्या बैलांनी माना खाली घातल्या, साखळी ताणली, हुकांचा करकर असा आवाज झाला, आणि गाडी चिखलातून सुटून पुढे निघाली. ज्या काठावर रघुनाथला जायचं होतं त्या काठावर आम्ही वर चढलो. मी तेव्हा रडलो. स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत रडलो. अग्नी देतानाही एवढा रडलो नव्हतो.

गाडी आता वाडीवरच आहे. लिंबाखाली उभी केली आहे, शेजारी बैलांची दावण. चालवणारं तिथे कुणी नाही, पण दादा तिच्यावर ताडपत्री घालतो, काढतो. मी एस.टी.नं परत आलो. आता संध्याकाळी चहा येतो तेव्हा फार जड जातं. ते पिंप नजरेसमोर नको म्हणून आत नेऊन ठेवलं, तर दाराशी नुसतीच मोकळी जागा दिसायला लागली. मग परत बाहेर आणून ठेवलं. गिऱ्हाईकं त्यावर बसतात. त्यांना मी उठवत नाही, पण त्यांच्याशी बोलवतही नाही. घरी मंडळी म्हणतात, माणसांत जात जा. माणसं पुष्कळ आहेत नगरात. बशीत चहा ओतून आठ दिवसांनी पुढचं वाक्य बोलणारा एकच होता.

पोळा जवळ आलाय. परवा जामखेडच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर दादाचा निरोप आला. शिंगं रंगवीन तेव्हा हुकांनाही रंग द्यायचा का, डबा तुमच्याकडे आहे असं कळलं, तर पाठवून द्या. डबा कपाटात आहे. मी काढून बघितला, वर साय धरलीय, खाली अजून पुष्कळ रंग आहे. डबा परत ठेवला आणि त्याच ड्रायव्हरबरोबर उलट निरोप धाडला, की हुकांना रंग देऊ नका. साखळीनं जिथे उडालाय तिथे तेलाचा हात तेवढा फिरवत जा, म्हणजे गंज चढणार नाही. बाकी आहे तसं उघडं राहू द्या. रघुनाथला तेवढंच बघायचं होतं, आणि तेवढंच त्याला बघायला मिळालं नाही.